६१ ठळक ओळी

माझ्या मेलबॉक्समध्ये ज्या मेल ठळक अक्षरात दिसतात, त्या बहुतेक मी वाचलेल्या असतात. ऐकायला उलटं वाटेल, पण माझी कामाची यादी म्हणजे तीच. मेल उघडायची, वाचायची, लगेच होण्यासारखं काम असेल तर उरकायचं. नसेल तर ती बंद करून एम दाबायचं, की मेल पुन्हा 'न वाचलेली' आणि ओळ पुन्हा ठळक. ठळक म्हणजे बाकी, साधी म्हणजे निकालात. मी अनुवादाची कामं करते. एका वेळी पाच-सहा लोकांची कामं हातात असतात आणि प्रत्येकाची शंका, दुरुस्ती, तारीख, बिलाची चौकशी मेलवरच येते. वही केली, कॅलेंडर केलं, कामांच्या याद्यांची दोन-तीन अॅपही टाकून पाहिली. आठवड्यात सगळं मागे पडतं आणि ठळक ओळी तेवढ्या राहतात.

ही व्यवस्था ज्या मेल प्रोग्रॅमवर उभी होती, त्याचं अपग्रेड मी तीन वर्षं टाळत आले होते. वर पिवळी पट्टी यायची, मी 'नंतर' म्हणायचे. टाळायला कारण लागत नव्हतं, सगळं सुरळीत चाललं होतं ना. मग मेलसेवेकडून सूचना आली, की अमुक तारखेनंतर नुसत्या पासवर्डने मेल प्रोग्रॅमला आत घेणार नाही. ब्राउझरची खिडकी उघडून परवानगी द्यायची जी पद्धत आहे, ओऑथ, ती लागेल. जीमेलने नुसतं नाव आणि पासवर्ड घेणाऱ्या प्रोग्रॅमना ३० मे २०२२ पासूनच दार बंद केलं होतं. माझी सेवा जरा उशिरा जागी झाली एवढंच. माझ्या जुन्या आवृत्तीला तिच्या सर्व्हरशी ते जमत नव्हतं. रविवारी रात्री नाइलाजाने 'होय' म्हटलं आणि झोपले.

सोमवारी सकाळी प्रोग्रॅम उघडला तर घरात कुणीतरी फर्निचर हलवून ठेवल्यासारखं वाटलं. पूर्वी माझ्या खिडकीत डावीकडे फोल्डर आणि बाकी सगळीकडे मेलची यादी असायची, एका मेलला एक ओळ. आता तीन उभे भाग झाले होते: फोल्डर, मधे मेलची अरुंद रांग, उजवीकडे उघडलेली मेल. ओळींच्या जागी कार्डं आली होती, त्यात वर नाव, खाली विषय आणि कोपऱ्यात तारीख. पूर्वी पडद्यावर चाळीसेक मेल एका नजरेत दिसायच्या, आता जेमतेम पंधरा. अक्षर बारीक आणि किरटं. चिडचिड झाली, पण म्हटलं होईल सवय.

रोजच्यासारखं 'फक्त न वाचलेल्या' हे गाळणीचं बटण दाबलं आणि खाली जाणाऱ्या बाणाने एकेक मेलवरून फिरायला लागले. ही माझी सकाळची हजेरी. हात बाणावर, डोळे विषयावर. हे आज, हे उद्या, हिला अजून उत्तर आलं नाही. प्रत्येक ओळीवर दोन-तीन सेकंद. तळापर्यंत गेले. मग पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये काहीतरी बघायला गेले आणि परत आले.

यादी रिकामी. गाळणी चालू होती आणि खाली एकही मेल नव्हती.

आधी वाटलं गाळणी बिघडली. ती काढली तर सगळ्या मेल जागेवर होत्या, फक्त एकही ठळक नव्हती. कंट्रोल-झेड दाबलं, काही नाही. दहादा दाबलं, तरी काही नाही. मग फोन उचलला. मेलच्या चिन्हावर रात्री झोपताना ६४ असा लाल आकडा होता, तो तिथेही नव्हता. त्या क्षणी पोटात गोळा आला, कारण माझ्या डोक्यात फोन हा वेगळा होता, इकडचा घोटाळा तिकडे कसा पोचेल?

पोचतो. पोचण्यासाठीच ती व्यवस्था केलेली आहे. माझी मेल आयमॅप पद्धतीने चालते. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला ती रचली. मेल सर्व्हरवर राहते आणि संगणक, फोन, जे काही असेल ते तिच्याकडे खिडकीतून बघावं तसं बघतं. मेल वाचली की नाही ही खूणही सर्व्हरवरच असते. एका यंत्रावर खूण पडली की सगळीकडे पडते. त्याआधी पॉप पद्धत वापरायचे तेव्हा प्रत्येक संगणकाचं वाचलेलं-न वाचलेलं वेगळं असायचं आणि एकच मेल दोनदा वाचावी लागते म्हणून मी कुरकुर करायचे. त्या सोमवारी पॉपची फार आठवण आली.

आणखी एक गोष्ट कळली ती जास्त वाईट होती. ही खूण म्हणजे नुसतं हो किंवा नाही. मेल कधी वाचली, हे त्यात लिहिलेलं नसतं. म्हणजे 'आज सकाळी वाचलेल्या झालेल्या मेल दाखव' असं विचारायची सोयच नाही. इनबॉक्समध्ये नऊ हजारांवर मेल. त्यातल्या साठ-सत्तर कोणत्या?

भाच्याला फोन केला. घरातल्या संगणकांचा वैद्य तोच.

"मावशी, आधी एक सांग, जुनं व्हर्जन परत टाकलं नाहीस ना?"

"टाकणारच होते आता."

"नको. नव्या व्हर्जनने तुझं प्रोफाइल, म्हणजे खाती आणि सेटिंग्जचं फोल्डर, बदललंय, जुनं व्हर्जन ते उघडायलाच नकार देईल. आणि उघडलं तरी खुणा सर्व्हरवरून येणार, त्यामुळे यादी तशीही परत येणार नाही. दुसऱ्या एखाद्या मशीनवर आहे का हाच प्रोग्रॅम?"

होता. कपाटातल्या जुन्या लॅपटॉपवर. शुक्रवारी संध्याकाळी वीज गेली तेव्हा त्यावर तासभर काम केलं होतं, मग तो मिटून ठेवला. आयमॅपमधल्या यादीची एक प्रत प्रत्येक यंत्र स्वतःजवळ ठेवतं, म्हणजे नेट नसलं तरी यादी दिसते. त्या लॅपटॉपच्या लेखी अजून शुक्रवारच होता.

"पण तो नेटला लागता कामा नये," भाचा म्हणाला. "लागला की पहिल्या मिनिटात सर्व्हर त्याला सगळं वाचलंय म्हणून सांगणार."

लॅपटॉपला वायफाय बंद करायची कळ आहे. पण तो सुरू होता होताच आपणहून नेट पकडतो, आणि कळ आधी दाबायची की नंतर, या शर्यतीवर मला विश्वास ठेवायचा नव्हता. मी राउटरचं बटणच बंद केलं. आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला.

"आई, नेट गेलं का गं?"

"गेलं नाही, मी घालवलंय."

"किती वेळ?"

"माझी यादी होईपर्यंत."

लॅपटॉप सुरू झाला, प्रोग्रॅम उघडला, सर्व्हर सापडत नाही अशी तक्रार त्याने केली. आणि समोर जुनी लांबलचक यादी, एका मेलला एक ओळ, त्यात ६१ ठळक ओळी. मी वही घेऊन बसले. नाव, तारीख, विषय, असं एकेक उतरवायला लागले. विसाव्या ओळीपर्यंत आले असेन, तेव्हा नेटविना कंटाळलेली लेक बाहेर आली, माझ्या खांद्यावरून पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "फोटो का नाही काढत?" दोन फोटोंत सगळी यादी मावली. वहीतलं ते दीड पान मी अजून ठेवलंय, एवढ्या सुवाच्य अक्षरात मी बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं.

राउटर चालू केला आणि मुख्य संगणकावर येऊन फोटोत बघून एकेक मेल पुन्हा ठळक करायला लागले. शोध, निवड, एम. शोध, निवड, एम. नऊ झाल्यावर मागे वळून पाहिलं तर ठळक फक्त चार. बाकीच्यांवरून बाण परत फिरला होता आणि त्या पुन्हा 'वाचलेल्या' झाल्या होत्या. म्हणजे आधी मूळ दुखणं शोधायला हवं होतं. सकाळपासून मी ते सोडून बाकी सगळं करत होते.

सेटिंग्जमध्ये 'वाचलेली' असं शोधलं. सापडलं: मेल आपोआप वाचलेली समजावी, आणि खाली दोन पर्याय, 'दाखवताच' आणि 'इतके सेकंद दाखवल्यावर'. निवडलेलं होतं 'दाखवताच'. मी भाच्याला विजयी मुद्रेने कळवलं, की चोर सापडला, यांनी डिफॉल्ट, म्हणजे मुळातच ठरवून दिलेलं सेटिंग, बदललंय. त्याने म्हटलं, जुन्या लॅपटॉपवर काय आहे ते बघ. तिथेही 'दाखवताच'.

हे डिफॉल्ट कुणी बदललंच नव्हतं. ते पहिल्यापासून तसंच होतं, फक्त मला कधी लागलं नव्हतं, कारण माझ्या जुन्या मांडणीत मेल दाखवायचा भागच बंद होता. दोनदा टिचकी मारली की मेल वेगळ्या खिडकीत उघडायची. बाणाने यादीत कितीही फिरलं तरी काहीच 'दाखवलं' जात नव्हतं. नव्या मांडणीने उजवीकडे तो भाग उघडला आणि बाण ज्या ज्या कार्डावर गेला, ती ती मेल तिथे दोन सेकंद झळकून वाचलेली झाली. बदललं होतं एक आणि फटका बसला दुसऱ्याचा. एरवी ठळकपणा जाताना दिसला असता, पण नव्या किरट्या अक्षरात ठळक आणि साधं यांत फरकच इतका थोडा होता, की मी ते सगळं नव्या रूपाच्या खात्यावर टाकलं.

एफ-८ दाबलं, उजवा भाग मिटला. वाचलेली समजण्याचा वेळ ५ सेकंदांवर ठेवला. दुपारपर्यंत यादी पुन्हा उभी राहिली. ६१ मधल्या काही मी शनिवार-रविवारी निकालात काढल्या होत्या, त्या सोडल्या. शुक्रवार संध्याकाळनंतर आलेल्या मेल थोड्याच, त्या चाळून काढल्या. आणि दोन वर्षांपूर्वीची एक होती, 'सवडीने बोलू' अशी, ती ठळक करायला हात गेला आणि थांबला. तिला तशीच जाऊ दिली.

एवढ्याने खरं तर भागलं होतं. पण मला एक प्रश्न छळत होता. माझी काही सेटिंग्ज अपग्रेडमध्ये जशीच्या तशी राहिली होती. उत्तर लिहिताना मूळ मजकूर वर आणि माझं लिखाण खाली, हे मी कधीकाळी ठरवलं होतं, ते तसंच होतं. पाठवण्यापूर्वी 'नक्की पाठवायची का' असं विचारणारी खिडकीही होती. पण सहीची जागा बदलली होती, साध्या मजकुराऐवजी सजावटीच्या मेल जायला लागल्या होत्या, संभाषणं एकात एक गुंडाळली जात होती. काही राहिलं, काही गेलं. हा न्याय कुठला?

भाच्याने रात्री घरी येऊन दाखवलं. प्रोग्रॅमची सेटिंग्ज एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहिलेली असतात. पण सगळी नाही. मी जी डिफॉल्टपेक्षा वेगळी केली, तेवढीच. बाकी शेकडो गोष्टींची तिथे नोंदच नसते, त्यासाठी प्रोग्रॅम स्वतःच्या पोटातलं डिफॉल्ट वाचतो. अपग्रेड झालं की पोटातलं बदलतं, फाइल तशीच राहते. म्हणून मी ज्याला हात लावला होता ते टिकलं आणि ज्याला कधी हात लावायची गरजच पडली नव्हती, जे मला पहिल्या दिवसापासून आवडलं होतं, ते गेलं. 'माझी सहीची जागा' असं जे मी म्हणत होते ती माझी नव्हतीच. ती त्यांची होती आणि मला योगायोगाने पटली होती. प्रगत सेटिंग्जची एक लांबलचक यादी असते, तिच्यात आपण बदललेल्या ओळी ठळक दिसतात. मी वर्षानुवर्षं काय काय ठरवलं ते सगळं मोजलं तर जेमतेम एक पडदा भरला.

तिसरा प्रकारही निघाला. मेल दाखवायचा भाग बंद ठेवणं हे मी केव्हातरी केलं होतं, त्याची नोंद फाइलमध्ये होती. पण ती जुन्या मांडणीच्या भाषेत. नवी मांडणी ती ओळ वाचतच नव्हती. पत्ता बरोबर, पण ते घर पाडून तिथे दुसरी इमारत झालेली.

मग मी हुशारी करायला गेले. जी डिफॉल्ट आत्ता आवडतायत तीही फाइलमध्ये लिहून ठेवावीत, म्हणजे पुढच्या वेळी ती हलणार नाहीत. ते जमत नाही. तुम्ही निवडलेलं आणि त्यांचं डिफॉल्ट एकच असेल, तर प्रोग्रॅम ती नोंद ठेवतच नाही, त्याच्या मते तुम्ही काही बदललेलंच नसतं. मला हे ऐकून हसूच आलं. सहमती नोंदवायला जागा नाही, तक्रारीला आहे. उपाय एकच, त्याच फोल्डरमध्ये स्वतःच्या हाताने दुसरी एक फाइल बनवायची. प्रोग्रॅम दरवेळी सुरू होताना ती वाचतो आणि तिच्यातलं सेटिंग लावतो, मग ते डिफॉल्टशी जुळो वा न जुळो. माझ्या त्या फाइलमध्ये आता ११ ओळी आहेत. नवव्या ओळीत मी एक अवतरण चिन्ह विसरले होते, तेव्हा नववीपासून पुढचं काहीच लागू होत नव्हतं, आणि त्यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली.

अक्षराचं प्रकरण तर वेगळंच. फॉन्टच्या खिडकीत प्रत्येक लिपीसाठी वेगळा फॉन्ट आणि आकार ठेवता येतो. मी देवनागरी निवडून आकार १८ केला. इनबॉक्स तसाच. २२ केला, तरी तसाच. मराठी मेल, देवनागरी मजकूर, आणि देवनागरीचा आकार वाढवून काही होत नाही! शेवटी कळलं, की ती निवड मजकुरातली अक्षरं बघून होत नाही. हल्लीच्या मेल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात येतात, त्यात जगातल्या सगळ्या लिप्या एकत्र नांदतात, आणि 'ही देवनागरी आहे' असं वरून कुणी सांगितलेलं नसतं. अशा मेल यादीच्या तळाशी असलेल्या 'इतर लिपी' या नोंदीखाली मोडतात. तिथे आकार वाढवल्यावर एकदम सगळा मजकूर मोठा झाला, 'ऱ्या'मधला अर्धा र चष्म्याशिवाय दिसायला लागला. आपली लिपी 'इतर'मध्ये सापडावी याचं वाईट वाटलं, पण सापडली हे काय कमी.

एका बाबतीत मात्र मी नव्या डिफॉल्टच्या बाजूने आहे. माझं एक जुनं, फारसं न वापरलेलं खातं आहे, ते अपग्रेडनंतर सर्व्हरशी जोडलंच जाईना. कारण असं, की मेल वाहून नेताना ती झाकायची जी टीएलएस पद्धत आहे, तिच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या कधीच्या बाद झाल्यात, मार्च २०२१ मध्ये त्या रीतसर मोडीत काढल्या गेल्या. नवा प्रोग्रॅम १.२ च्या खाली उतरत नाही आणि त्या खात्याचा सर्व्हर १.० वरच बसलेला. प्रगत यादीत एक आकडा बदलला की प्रोग्रॅम खाली उतरतो, ते कसं करायचं हेही मला तोवर चांगलं कळलं होतं. बोट कळेवर होतं. पण हे माझ्या सोयीचं दार नव्हतं, कुलूप होतं. सेवा देणाऱ्यांना लिहिलं. पहिलं उत्तर आलं, 'आपला प्रोग्रॅम जुना असल्यास अपग्रेड करावा.' मी त्यांना पुन्हा सविस्तर लिहिलं. आठ दिवसांनी खातं आपोआप चालू झालं, कुणी काही कळवलं नाही.

कार्डं काढून ओळी परत आणल्या. संभाषणं गुंडाळणं मात्र पंधरा दिवस ठेवून पाहिलं, लोक म्हणतात सोयीचं असतं म्हणून. पंधराव्या दिवशी एका प्रकाशकाची दुरुस्ती मला दोन दिवस उशिरा दिसली, कारण त्यांनी ती महिनाभरापूर्वीच्या मेलला उत्तर म्हणून पाठवली होती आणि ती त्या जुन्या गठ्ठ्यात जाऊन बसली होती. गुंडाळणं बंद. ही बारावी ओळ झाली असती, पण फाइलमध्ये लिहायची राहिली आहे.

अपडेटच्या खिडकीतही एक डिफॉल्ट होतं, 'आपोआप बसवा'. ते मी 'आल्याचं सांगा, बसवायचं मी ठरवेन' असं केलं. 'नंतर' म्हणायची सवय मोडलेली नाही, पण तीन वर्षांचं साचवून एकदम गिळण्यापेक्षा थोडं थोडं बरं, एवढं मान्य आहे. गेल्या आठवड्यात पट्टी आली. ठळक ओळींचे फोटो काढले, दोन्ही फाइलींच्या प्रती पेनड्राइव्हवर घेतल्या, जुना लॅपटॉप कपाटातच मिटलेला आहे ना ते बघितलं आणि होकार दिला. प्रोग्रॅम पुन्हा उघडला. उजवा भाग मिटलेला, ओळी ओळींसारख्या, ठळक होत्या त्या ठळक. बाणाला हात न लावता मी बराच वेळ नुसती बघत बसले.

"आई," आतून आवाज आला, "आज नेट घालवणार आहेस का?"